चाळीस सळया आणि वाढती जमीन

३ जून २००७, रविवार
जानेफळच्या वच्छलाबाईंच्या उताराच्या शेतात चाळीस सळया ठोकल्या. प्रत्येक सळई फूटभर लांब, जमिनीवर बरोबर पाच सेंटिमीटर उघडी. माती वाहून गेली की सळई जास्त उघडी पडणार. ती उंची मोजायची, कॉलेजच्या कॉम्प्युटरला घालायची, माझं मॉडेल सांगेल नाला कुठवर येणार. साधं आहे. पण साधं सुचायलाच डोकं लागतं.
सळया स्वतः ठोकल्या. दुसऱ्याची गुरं राखून प्राध्यापक झालेला माणूस आहे, हात विसरत नाहीत. विद्यार्थिनी समताने बीटी बियाण्याच्या रिकाम्या पाकिटांचे झेंडे करून नंबर लावले.
बांधावर सात जण जमले. त्यांना वाटलं, सरकारी मदतीच्या पॅकेजचा सर्व्हे. मी भूरूपशास्त्र समजावून सांगितलं. चार जण उठून गेले, तिघे झोपले.
संकल्प: दर रविवारी मोजणी. ऑगस्टच्या सेमिनारला पेपर.
वच्छलाबाईंना बजावलं, सळया तुमच्या भरवशावर. म्हणाल्या, "काही फिकर नोका करू सर. मी हाओ न."

१० जून
मोजणी नाही. पाऊसच नाही तर मोजू काय.
वच्छलाबाईंना वेगळीच चिंता. नाला दरवर्षी हातभर जमीन खातो. यंदा काठावरच्या कपाशीच्या चार ओळी जाणार असं त्यांचं म्हणणं. दगडाचा बांध घालावा तर पेरणी तोंडावर. "दगड लावू का बी लावू, तुमीच सांगा सर." म्हटलं, थांबा. मॉडेल सांगेल.
निघताना गोठ्यात म्हशीची खुंटी ढिली दिसली. बोलता बोलता दगडाने दोन घाव घातले. आमच्याकडे ढिली खुंटी बघून कुणी तसंच पुढे जात नाही.

१७ जून
स्कूटर पंक्चर. एका रविवाराने विज्ञान अडत नाही.

२४ जून
दोन पाऊस झाले. पण मेव्हण्याकडे बारसं. विज्ञान दोन रविवारांनीही अडत नाही.

१ जुलै
मोजणी केली. आकडे दोनदा तपासले.
पाच सेंटिमीटरच्या सळया आता चार, साडेतीन, काही तर तीन! म्हणजे माती गेली नाही. वाढली!
समता म्हणाली, सर, उतारावर माती वाढेल कशी? वरच्या अंगाला तर दगड उघडे पडले आहेत. तिला सांगितलं, पुस्तकाबाहेर बघायला शिक. मुलगी हुशार आहे, पण डोळ्यांवर फार विश्वास ठेवते.

७ जुलै, शनिवार
लोडशेडिंगमधून दीड तास वाचला, त्यात मॉडेल चालवलं. कॉम्प्युटर दोनदा अडला. नऊ आकडे त्याला पचत नव्हते, ते काढले. मग सुरळीत. निकाल: नाला मागे सरकतो आहे.
घरी सांगितलं. बायको, अन्नपूर्णा, म्हणाली, "जमीन वाढूनच राह्यली त आपल्या प्लॉटले बी एखादी सळई ठोका." विज्ञानाची टिंगल करणाऱ्यांच्या हातचा चहा पिऊ नये. प्यायलो.

८ जुलै
वच्छलाबाईंना खणखणीत सांगितलं: बांध घालू नका, श्रम वाया जातील. त्या म्हणाल्या, "हाव सर." शास्त्राचा इतका पटकन स्वीकार मी विद्यापीठातही पाहिला नाही.

१५ जुलै
माझे कान तिखट. स्कूटर बंद करताच ऐकलं: ठक, ठक, ठक. खालच्या अंगाकडून. सुतारपक्षी! समताला लिहून घ्यायला लावलं: माती सुधारली की पक्षी परत येतात. ती काहीतरी सांगू पाहत होती. मध्ये बोलू नकोस म्हटलं. मग ती हसली की खोकली, कळलं नाही. हात खरचटले होते तिचे. वच्छलाबाईंचेही. बायका काळजी घेत नाहीत.
पडीक तुकड्यातला दगडांचा ढीग निम्मा दिसला. वाढत्या मातीत बुडाला असावा. पेपरात घ्यायचं.

२९ जुलै
सेमिनारवाल्यांनी पेपर स्वीकारला. विषय फार नवा आहे असं कळवलं. फार हा शब्द त्यांचा.
मॉडेलला माझं नाव द्यावं का? लोकांनीच देऊ दे.

५ ऑगस्ट
शुक्रवारी धो-धो पाऊस. आज गेलो. शेजारच्या शेताचा काठ हातभर गेलेला. वच्छलाबाईंच्या चार ओळी जागच्या जागी, फुलपात्या धरून उभ्या. आणि त्यांच्यापुढे, नाल्याच्या काठाला, गुडघाभर उंच दगडी बांध.
विचारलं, हा कोणी घातला? म्हणाल्या, "आमीच. समता आली, तिच्या मैतरणी आल्या. तुमी गेल्यावर लागत होतो कामाले." म्हटलं, तुम्ही तर हाव म्हणाला होता! "म्हटलं न. येवढ्या दुरून येता तुमी, तुमचं मन कायले मोडा?"
मी सळया मोजू लागलो. तीन. अडीच. म्हटलं, निदान ह्या तरी छान राहिल्या.
त्यांचा चेहरा फुलला. "राह्यतीन कशा नाई? पाऊस पडला का वर निंघत, ढिल्या होत. मंग मी दगड घेऊन ठोकून ठोकून खाली बसवो. चाळीसच्या चाळीस हायेत. मोजून घ्या."
समता नाल्याकडे बघत म्हणाली, सर, मी दोनदा सांगायला आले होते. तुम्ही सुतारपक्ष्याचं सांगत होता.

१२ ऑगस्ट
सेमिनारला तब्येतीचं कारण कळवलं. तब्येत खरंच बरी नाही.
खचायचं नाही. नवी सुरुवात. समता आणि मी चाळीसही सळया पुन्हा पाच सेंटिमीटरवर आणल्या. वच्छलाबाईंना समजावलं: वर निघोत, वाकोत, हात लावायचा नाही. त्यांचं उघडं पडणं हेच आपलं ज्ञान. त्या म्हणाल्या, "हाव सर." आता ह्या हावचा अर्थ मला कळतो, म्हणून तीनदा समजावलं.
मग बांधाबांधाने परत निघालो. पुढच्या मोजणीचं बोलत होतो. दर रविवारी, काही झालं तरी. वाटेत सतरा नंबरची सळई जरा हलत होती.
समता "सर!" म्हणून ओरडली तेव्हा दगड माझ्याच हातात होता.
वच्छलाबाईंनी वाकून पाहिलं. म्हणाल्या, "बसली आता."