तिसऱ्या टप्प्याची हाक

प्रिय शेपटे,

या नावाने अख्ख्या मैदानात तुला फक्त मीच हाक मारते, आणि बरेच दिवस मारलेली नाही, म्हणून सुरुवातीलाच मारून घेतली. रिलेत सगळ्यात शेवटी पळणारीला दुसरं काय म्हणायचं? रागावू नकोस. मला तर तू सगळ्यांसमोर भोंगा म्हणतेस, आणि आता सरसुद्धा त्याच नावाने हजेरी घेतात.

दुकानाच्या वरच्या खोलीत, खिडकीशी पडून लिहिते आहे. टाचेखाली उशी आहे, गुडघ्याखाली काही नाही. गुडघ्याखाली उशी घेतली की कसं छान वाटतं म्हणून सांगू! पण फिजिओताईंनी ती काढून घेतली. म्हणाल्या, लाड केलेस तर हा पाय जन्मभर वाकडा चालेल. खाली आईची इस्त्री चालू असते, तिची वाफ जिन्यातून वर येते आणि दुपारपर्यंत काचेवर बसते. समोरच्या इमारतीवरून परतलेलं ऊन त्या ओल्या काचेतून आत येतं आणि छतावर पाण्यासारखं हलत राहतं. मी ते बघत पडून असते. असं वाटतं, मी तळ्याच्या तळाशी झोपले आहे आणि वर कुणीतरी पोहतं आहे. मग डोळा लागतो आणि मी पळायला लागते. मैदानावर नव्हे. आईने मागच्या अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी असतात, एकीमागे एक, संपतच नाहीत, आणि मी त्यांच्यामधून पळते. गुडघा दुखत नाही, गुडघा आहे हेच आठवत नाही. पुढे तुझी पाठ दिसते, वेणी, बनियनवरचा घामाचा डाग. तुझा हात मागे आलेला नसतो. मी हाक मारायला तोंड उघडते आणि नेमकं तेव्हाच खालून आई ओरडते, "दार!" आणि मी जागी होते.

तुला आठवतं ना, ही हाक आपल्याकडे कशी आली? त्या पावसाळी मैदानावरच्या स्पर्धेत सगळ्याच संघांच्या मुली बॅटन देताना "घे" म्हणून ओरडत होत्या. शेजारच्या पट्ट्यातली "घे" म्हणाली आणि तू हात मागे टाकलास. मी अजून वळणावरच होते. तू हात मागे धरून, भीक मागितल्यासारखी, पळतेच आहेस, पळतेच आहेस, आणि मी मागून हसू की रडू. सर म्हणाले होते, तुम्हाला तुमची स्वतःची हाक हवी, जगात कुणी मारणार नाही अशी. दुसऱ्या दिवशी तू आमच्या दुकानात आलीस आणि नेहमीसारखं दार उघडं टाकलंस. रस्त्यावरची धूळ धुतलेल्या कपड्यांवर बसते म्हणून आई दिवसभर येणाऱ्या प्रत्येकावर ओरडते. तुझ्यावरही ओरडली, "दार!" आणि तू काउंटरसमोर उभ्या उभ्या हात मागे टाकलास. सवयीने! आईने त्या हातात गिऱ्हाइकाच्या पँटी ठेवल्या. तेव्हापासून आपली हाक ठरली. पाहुणे संघ अजूनही आपल्याला वेडे समजतात.

ऑपरेशनचं तुला कुणी नीट सांगितलं नसेल. डॉक्टरांनी माझ्याच मांडीच्या मागून एक शीर, म्हणजे कंडरा, काढली, दुहेरी केली आणि हाडं बांधून ठेवणाऱ्या तुटलेल्या दोराच्या जागी गुडघ्यात ओवली. आईला हे फार आवडलं. फाटलेल्या जागी नवं कापड आणायचं नाही, त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीचं लावायचं, म्हणजे रंग वेगळा दिसत नाही, असं तिने डॉक्टरांना समजावून सांगितलं. डॉक्टर बराच वेळ मान हलवत होते. मी अर्धवट शुद्धीत होते तेव्हा तू आलीस. दारातच उभी राहिलीस. आत ये म्हणायला माझी जीभ वळत नव्हती. मग दोन पावलं आत येऊन तू काहीतरी माझ्या उशीखाली सरकवलंस आणि गेलीस. नंतर आईने उशी झटकली तर आपली बॅटन घरंगळत पलंगाखाली गेली. तीच, निळी, टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली. त्यानंतर तू आलीच नाहीस. आई रोज विचारते, ती शेपटी कुठे गेली गं, भांडलात का? मी म्हणते, नाही, सराव असतो तिला.

पण सराव होत नाही हे मला नाकतोडीने सांगितलं. ती नवी मुलगी, लांब लांब पायांची, जिला तूच हे नाव ठेवलंस. संत्री घेऊन आली होती. खुर्ची दिली तरी बसेना, एका पायावर उभी. मग संत्र्यांकडे बघत बघत एकेक सांगायला लागली. सरांनी तिला माझ्या टप्प्यावर घेतलंय. तू खुणेवर उभी राहतेस, ती मागून येते, ओरडते, आणि तू हात टाकायच्या ऐवजी मान वळवून बघतेस. दर वेळी. बॅटन पडते. सर ओरडतात. तू म्हणतेस, तिसरी जागा भोंग्याची आहे, ती येईपर्यंत मी दुसऱ्या कुणाकडून घेणार नाही. आणि सर म्हणतात, मग रविवारी निवडीला आपला संघ उतरणार नाही, चौघींचंही वर्ष गेलं. हे सांगून नाकतोडीने पाय बदलला. ती म्हणाली, ताई, माझं काही चुकतंय का, तुम्ही सांगा ना. मी म्हटलं, तुझं काही चुकत नाही, संत्रं सोल.

खरं सांगू? ती गेल्यावर मी खूश होते. अगदी मनापासून. दोन दिवस त्या खुशीवरच तरंगत होते. माझी जागा राखलेली आहे. तिथे कुणी पाय ठेवलेला नाही. छतावरच्या त्या पाण्यात मला ती खूण दिसायची, पावलं मोजून चिकटवलेली पट्टी, आणि शेजारी रिकामा पट्टा. मग मी व्यायाम वाढवला. फिजिओताई म्हणत इतकंच कर, मी त्याच्यावर थोडं करायचे. आई खाली गेली की कुबडी भिंतीला टेकवून उभी राहायचे. त्या जागेने माझ्यामागे टुमणं लावलं होतं, लवकर ये, लवकर ये.

आणि मांडी मात्र हलायला तयार नव्हती. हे तुला कसं सांगू, शेपटे. माझी मांडी! जिच्यावर तू चापट मारून म्हणायचीस, लाकूड आहे हे. ताई गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवत आणि म्हणत, दाब. मी दाबायचे. डोळ्यांत पाणी येईपर्यंत दाबायचे आणि मांडी नुसती पडलेली असायची, दुसऱ्या कुणाची तरी माझ्या पलंगावर विसरून राहिल्यासारखी. ताई म्हणाल्या, स्नायू कुठे गेला नाही गं, झोपलाय. भांडून उठणार नाही, त्याला हाक मार. मला हसू आलं. स्नायूला काय हाक मारायची? तेवढ्यात खाली कुणीतरी दुकानात शिरलं आणि आई ओरडली, "दार!" आणि मांडी उडाली! मी काहीच केलं नव्हतं. ताईंनी बोट ठेवलेलं होतं, त्यांचं बोट वर उचललं गेलं. मग ताई जिन्यात गेल्या आणि वाकून म्हणाल्या, काकू, पुन्हा एकदा म्हणा बरं. आई म्हणाली, काय म्हणू? दार तर लावलंय त्यांनी.

आता मी स्वतःच म्हणते. हळू आवाजात, स्वतःच्या पायाला. दार. आणि तो दचकून जागा होतो, मग पुन्हा पेंगतो. रोज थोडा जास्त वेळ जागा राहतो.

मांडी उडाली त्याच दिवशी ताईंनी माझं चोरून उभं राहणं पकडलं. रागावल्या नाहीत. पलंगाच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, एक गोष्ट नीट ऐक. ही जी शीर आत बसवली आहे तिला अजून माहीत नाही की आपण गुडघ्यातला दोर झालो. ती अजून मांडीतलीच आहे, उचलून आणलेली. तिला नवं काम अंगवळणी पडायला पुष्कळ महिने लागतात. आणि मधल्या काळात, तुला वाटायला लागेल ना की झालं, बरं झालं, आता पळावं, नेमकी तेव्हा ती सगळ्यात कमजोर असते. तेव्हाच मुली पळतात आणि पुन्हा येतात माझ्याकडे. मग त्या म्हणाल्या, तुला घाई कुणी लावली आहे? आई लावते? सर? मी म्हटलं, कुणीच नाही. आणि म्हणता म्हणता मला तुझी पाठ दिसली.

मग मी नाकतोडीला बोलावलं. तुला न सांगता. मागच्या अंगणात चादरी वाळत होत्या, मी पायरीवर खुर्ची टाकून पाय पुढे करून बसले आणि तिला म्हटलं, तिकडून ये आणि हाक मार. ती आली आणि म्हणाली, "दार?" अगं, असं, जणू आत येऊ का म्हणून विचारते आहे! कोण हात मागे टाकेल असल्या हाकेला? पुन्हा म्हण म्हटलं तर आणखी बारीक. शेवटी आईच इस्त्री बाजूला ठेवून बाहेर आली. म्हणाली, बाई गं, विनवण्या काय करतेस, तुझ्या धुतलेल्या कपड्यांवर कुणी धूळ घालतंय असं समज आणि म्हण. नाकतोडीने डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि अशी ओरडली, की दुकानात उभं असलेलं गिऱ्हाईक धावत जाऊन दार लावून आलं. आई म्हणाली, आता जमलं. उद्यापासून काउंटरवर बसायला ये.

तिची हाक माझ्यासारखी नाही. जरा नाकातून येते. पण वेळेवर येते, आणि ऐकणाऱ्याला विचार करायला सवड देत नाही. मी खुर्चीत बसून हात मागे टाकून बघितला. शेपटे, डोळे मिटून हात मागे धरून बसणं काय असतं ते मला पहिल्यांदा कळलं. मला नेहमी पुढे तुझी पाठ दिसायची. तुला मात्र काहीच दिसत नाही, नुसती हाक, आणि मग तळहातात काहीतरी येतं किंवा येत नाही. इतकी वर्षं तू माझ्या एका शब्दावर हात टाकत होतीस. मी त्या बाजूने कधी विचारच केला नव्हता. दिलं, घेतलंस, संपलं, असं मला वाटायचं.

आणि आणखी एक, जे तू बोलत नाहीस. तुला वाटतं त्या शर्यतीच्या दिवशी तुझा हात उशिरा आला, बॅटन अगदी बदलायचा पट्टा संपता संपता बदलली, मला लांबून झेपावं लागलं आणि म्हणून माझा गुडघा गेला. म्हणून तू दारातून परत गेलीस. म्हणून तू जागा राखत बसलीस. अगं वेडे, बॅटन तुझ्या हातात नीट पोचली होती आणि मी उभी होते, दोन्ही पायांवर, धडधाकट. मग मी केलं काय? तेच, जे दर वेळी करते. तू पळताना कशी दिसतेस ते बघायला पट्ट्यातून बाहेर वळले, थांबता थांबता, एका पायावर. बूट जमिनीत रुतून राहिला, मी वळले आणि गुडघा पिळला गेला, एवढंच. तुझ्या हाताचा त्यात काही संबंध नाही. त्या शर्यतीतलं मी शेवटचं जे बघितलं ते तू आहेस, पुढे निघून गेलेली, आणि छान दिसत होतीस.

हे पत्र नाकतोडीच्याच हाती पाठवते आहे, आणि तिच्या दुसऱ्या हातात बॅटन आहे. ती माझ्या उशीखाली पडून काय करणार? तिथून ती मला रोज लवकर ये म्हणते, आणि मला लवकर यायचं नाही, शेपटे, मला नीट यायचं आहे. माझी जागा राखू नकोस. राखलेली जागा मला झोपू देत नाही. मी परत आले की नाकतोडीबरोबर पळेन आणि जिंकले तर ती जागा मागून घेईन, आणि हरले तर संत्री घेऊन तिच्याकडे जाईन. तोवर तिसऱ्या टप्प्यावर ती आहे. तेव्हा आता हे वाचून झालं की घडी घाल, सरांकडे दे सांभाळायला (वाचू नका म्हणावं), आणि आपल्या खुणेवर जाऊन उभी राहा, पाठ करून. ती वळणावर जाईल. हाक जरा नाकातून येईल, दचकू नकोस. हात टाक. मान वळवू नकोस, मागे मी नाहीच आहे. रविवारी मी आणि आई शर्यत संपते त्या रेघेच्या पलीकडे उभ्या असू, म्हणजे तुझ्या अगदी समोर. मी कुबडी वर धरेन. सरळ आमच्याकडे पळत ये.

तुझीच,
भोंगा