न उकळलेली नळी

रविवार, ४ तारीख

आज नव्या घरात राहायला आलो. सामान इतकं थोडं की टेम्पोवाला म्हणाला, साहेब, हे तर हातगाडीवर मावलं असतं. घर छान आहे. खालच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर माझं. वर घरमालक एकटेच राहतात. जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मला त्यांनी आल्या आल्या 'खालचे पाहुणे' करून टाकलं.

घर ताईनं शोधलं. ताई माझी मोठी बहीण, लेकीकडे राहते. माझी बायको गेल्यापासून तिला एकच घोर, की मी भिंतीकडे बघत बसतो. मास्तर बडबडे आहेत, तिथे तुला तोंड उघडावंच लागेल, असं म्हणाली. आणि नाहीच उघडलं तर निदान लिही. म्हणून हे लिहितो आहे.

मागच्या अंगणात मांडवावर द्राक्षांचा वेल आहे. यंदा त्यानं कहर केलाय, पाखरंसुद्धा खाऊन कंटाळली, असं मास्तर म्हणाले. दोघं मिळून वाइन करू, कृती माझी, हात तुमचे. मी हो म्हणून टाकलं. किती दिवसांनी कशाला तरी हो म्हणालो.

एक खोकं तेवढं उघडलं नाही. हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, आजारपणातलं आहे.

बुधवार, ७

काल द्राक्षं उतरवली, आज कुस्करली. मास्तर स्टुलावर बसून हुकूम सोडत होते. देठ काढा, सडकी बाजूला टाका, बिया चिरडू नका, कडू होईल. बादली, पळी, कापड, जे जे रसाला लागेल ते सगळं आधी उकळत्या पाण्यातून काढायचं. वाइन बिघडते ती आळसानं, हे त्यांचं ब्रीदवाक्य. कोपरापर्यंत हात जांभळे झाले. मास्तर म्हणाले, खून करून आल्यासारखे दिसताय. मला हसू आलं.

साखर घातली, यीस्ट घातलं, वर कापड बांधलं. आता साली फुगून वर येतील, त्या सकाळ-संध्याकाळ खाली दाबायच्या. मला हे काम फार आवडलं. हिच्या औषधांच्या वेळा सुटल्यापासून दिवसाला खुंट्याच उरल्या नव्हत्या. आता पुन्हा कुणाला तरी ठरल्या वेळी माझी गरज आहे.

मंगळवार, १३

साली पिळून टाकल्या आणि रस मोठ्या काचेच्या बरणीत भरला. बरणीचं तोंड अरुंद आहे. त्यात भोकाचं बूच बसवायचं आणि भोकातून एअरलॉक. म्हणजे आतली हवा पाण्यातून बुडबुडत बाहेर जाते, बाहेरची आत येत नाही. मास्तरांचा एअरलॉक काढला तर तडकलेला. ते हळहळले.

मग मी ते खोकं उघडलं. हिला घरी ऑक्सिजनचं मशीन लावलं होतं. मशीन कंपनीनं परत नेलं, पण त्यावरची पाण्याची बाटली आणि मास्कची नळी राहून गेली होती. त्या बाटलीतही हवा पाण्यातून बुडबुडतच येते. मी नळीचा तुकडा कापून बरणीपासून बाटलीपर्यंत लावला. इतका चपखल बसला की मास्तरांनी टाळी वाजवली. पाहुणे, तुम्ही तर इंजिनिअर निघालात.

बाटली उकळली. नळी नाही उकळली. ती रसाला लागत नाही, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे शेवटपर्यंत ती हिच्या गालाशी होती. धुवून टाकवेना.

शुक्रवार, १६

बाटली छान बोलते. ओट्यावर बुडबुड चालू असते. मी दुपारी खुर्ची तिथेच टाकून पेपर वाचतो. घरात कुणीतरी आहे असं वाटतं.

आज पेपर वाचता वाचता माझा श्वास रोखला गेला, आणि मग कळलं का ते. तीन भरभर बुडबुडे, एक लांब, मग काहीच नाही. हिचं शेवटी असंच व्हायचं. त्या मधल्या गॅपमध्ये मी घाबरायचो. बोलायला दम नसायचा, म्हणून ही एक बोट वर करायची. थांब, असा त्याचा अर्थ. मग पुढचा श्वास यायचा.

पुढचा बुडबुडा आला. मी पेपर ठेवला आणि सगळी दुपार नुसता ऐकत बसलो. खूप दिवसांत असं बरं वाटलं नव्हतं.

बुधवार, २१

मास्तर रोज येऊन बरणीतली साखर मोजतात. काचेची एक कांडी रसात सोडायची, ती किती बुडते ते बघायचं. आज त्यांनी पुन्हा पुन्हा सोडून बघितली. साखर संपली आहे. यीस्टला खायला काही उरलेलं नाही, म्हणजे बुडबुडे बंद पडायला हवेत. पण ते तर पहिल्यापेक्षा जोरात आहेत.

मास्तरांनी कांडी पुसून ठेवली. "मग हे खातंय काय?" असं म्हणाले, आणि नेहमीसारखे हसले नाहीत.

खिडक्या उघड्या ठेवा, बुडबुड्यांतला हा वायू जड असतो, खाली साठतो, असं बजावून गेले. जिना चढताना दोनदा थांबले. त्यांना याआधी धाप लागलेली मी पाहिली नाही.

मी खिडक्या उघडल्या. आवाज बाहेर जाईल असं वाटलं, म्हणून पुन्हा लावल्या.

रविवार, २५

ताई आली. आल्या आल्या घराची झडती घेतली, फडकी धुतली. बरणी बघून म्हणाली, बायको गेली आणि हा दारूचा कारखाना काढून बसलाय, लोक काय म्हणतील. मग बाटली ओळखली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात कणीक मळता मळता ताई खाली बसली. धाप. ही बाई आजही माझ्या पुढे चालते. वय झालं रे, दुसरं काय, म्हणाली. अंगणात नेऊन बसवल्यावर तिला हुशारी वाटली. आत आली की परत तेच.

ताई ओट्यापाशी असली की बुडबुडे वाढतात. मी दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघायचं नव्हतं.

मंगळवार, २७

बाटलीतलं पाणी नळीत चढतं आहे. वर चढतं, थांबतं, मग खाली येऊन बुडबुडे सोडतं. म्हणजे बरणी नुसती सोडत नाही. ओढते.

ती ओढते तेव्हा ताईचा श्वास अडतो. ती सोडते तेव्हा ताईला श्वास मिळतो.

डॉक्टर येऊन गेले. छाती स्वच्छ आहे म्हणाले. सगळ्या खिडक्या उघड्या, पंखा चालू. मास्तरांनी जमिनीलगत मेणबत्ती धरून पाहिली, नीट जळली. वायू नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, ओतून टाका, वेल पुढच्या वर्षी पुन्हा येईल. मी हो म्हणालो.

ओतली नाही. ओतली तर ही पुन्हा जाईल. एकदा बघितलं आहे मी ते.

बुधवार, २८

सकाळी ताईचे ओठ निळे दिसले. मग मात्र मी धावत गेलो आणि बूच उपटलं.

बाटली गप्प झाली. आतल्या खोलीत ताईही गप्प झाली.

हाक मारली. हलवली. डोळे उघडे, माझ्याकडे बघत होती, छाती हलत नव्हती. पळत येऊन बूच पुन्हा दाबलं. पाणी चढलं, थांबलं — किती वेळ थांबलं — आणि उतरलं. तिकडे ताईनं श्वास घेतला, पाण्यातून वर आल्यासारखा.

आता मला बरणीला हातही लावता येत नाही.

गुरुवार, २९

मास्तर आणि डॉक्टर ताईला दवाखान्यात घेऊन गेले. मी बरणीजवळ राहिलो. काय भाऊ आहे, असं डॉक्टरांच्या चेहऱ्यावर दिसलं. दिसू दे.

मला वाटलं, लांब गेल्यावर सुटेल. दुपारी मास्तरांचा फोन. अहो, यांचा श्वास मधेच थांबतोय. आत्ता थांबला. आत्ता सुरू झाला. मी फोन कानाला लावून बाटलीकडे बघत होतो. ते सांगायच्या आधी मला कळत होतं.

ही अशी नव्हती. आजारपणात घोटभर पाणी हवं असलं तरी मला संकोचून विचारायची. कुणाच्या ताटातलं कधी उचललं नाही तिनं. ताईचा तर तिला किती लळा. मग हे कोण आहे? त्या नळीतून हिच्यासारखा श्वास घ्यायला शिकलेलं हे —

विचारलं. मोठ्यानं विचारलं. तीन भरभर, एक लांब.

शुक्रवार, ३०

खोक्यात नळीचा उरलेला तुकडा होता. मास्कसकट.

बाटलीच्या दुसऱ्या तोंडाला लावला. मास्क माझ्या तोंडावर बांधला. ओढायचंच आहे तर माझं ओढ, म्हणालो.

पहिली ओढ आली तेव्हा वाटलं, छातीतून कोणी दोरी खेचतं आहे. रसाचा आंबूस वास. मग थांबलं. मग परत दिलं, थोडं. घेतलं त्याहून कमी.

थोड्या वेळानं फोन. मास्तर रडत होते की हसत होते, कळेना. ताई उठून बसली. चहा मागितला, नर्सनं आणलेला चहा पाणचट आहे म्हणून तिला चहाच शिकवायला निघाली.

एकदा मास्क काढून पाहिला. फोनवर मास्तरांचं वाक्य अर्धं राहिलं, मागे भांडं पडल्याचा आवाज. पुन्हा बांधला.

काढायचा नाही.

शनिवार, ३१

बसूनच आहे. हात जड. नखं जांभळी, द्राक्षं कुस्करली तेव्हा होती तशी —

दाराला आतून कडी लावली. ताई ऐकणार नाही, येणारच. माहीत आहे मला.

देतं ते कमी कमी होत चाललं आहे. मधला गॅप लांब. बरणीतला रस वर आला आहे, बुचाला टेकला —

ताई आली. दार वाजवते आहे. मास्तरही आहेत. उघड रे, गाढवा, म्हणते, मी ठणठणीत आहे, बघ तरी माझ्याकडे. किती खणखणीत आवाज. मास्तर म्हणतात दार तोडू.

पाणी चढलं. थांबलं.

नळीच्या टोकाशी एकच बुडबुडा आला आहे. सुटत नाही. उभा, बारीक, वर केलेल्या बोटासारखा —

हे हिचं आहे. एवढंच हिचं. बाकीचं सगळं त्याचं होतं आणि ही आत कुठेतरी — मला थांब म्हणते आहे. काढ म्हणते आहे, मास्क

पण ताई बोलते आहे. दाराबाहेर, शिव्या घालते आहे, एका दमात. ती बोलते आहे तोवर मी