वहिनी, दिला!

रविवार, २ फेब्रुवारी

आज गोल्फमध्ये पुन्हा जिंकले! आणि घरी येऊन बूट दाराशी आपटले.

क्लबहाउसमध्ये चहा आला आणि नेहमीचा तमाशा सुरू. हरलेल्यानं उभं राहून आपला सगळ्यात वाईट फटका करून दाखवायचा, हा आमच्या टेबलाचा रिवाज. डॉक्टर छत्री घेऊन वाळूत फसलेल्या चेंडूवर तुटून पडले. वकिलांची हसून मुरकुंडी वळली. मग माझ्याकडे वळून एकदम शहाण्यासारखे – "वहिनी मात्र छान खेळल्या हं!"

छान कसलं डोंबलाचं! माझा चेंडू भोकापासून काठीभर लांब असतो आणि दोघं एका सुरात – "वहिनी, दिला!" म्हणजे मारूच नका, गेला असं धरा. वीतभर अंतराला सगळेच देतात. काठीभराला कोण देतं? एकमेकांना तर हे दोघं वीतभरही सोडत नाहीत.

हे होते तेव्हा मीही छत्री घेऊन उभी राहायची. हे गेले त्याला वर्ष झालं. तेव्हापासून मी हरतच नाही!

९ फेब्रुवारी

टेबलावरच विचारलं, मलाच का एवढं देता? वकील चमच्याशी खेळत बसले. डॉक्टर म्हणाले, "अहो, शेवटी त्यानं माझा हात धरून सांगितलं होतं – हिला हसत ठेवा."

म्हणजे ह्यांनीसुद्धा! मला न विचारता! रडू आलं, पण त्यांच्यासमोर नाही. म्हटलं, "हसवायचं तर चुटके सांगा. यापुढे एकही फटका द्यायचा नाही. दिलात तर मी दुसऱ्या टेबलावर."

"मग हराल हो वहिनी."

"हरेन! तुमच्या बापाचं काय जातं?"

जास्त बोलले का? बोलले तर बोलले.

१२ फेब्रुवारी

बैठकीच्या खोलीत सतरंजीवर सराव. भोक म्हणून पेला आडवा ठेवलाय. सून म्हणते, "आई, कंबर धरेल." धरू दे.

१६ फेब्रुवारी

हरले! छत्री घेऊन उभी राहिले, तळ्यात चेंडू कसा घातला ते साग्रसंगीत दाखवलं. वकील ओरडले, "अहो, यापेक्षा म्हैस बरी मारेल!" किती बरं वाटलं म्हणून सांगू! डॉक्टर तर सगळ्यांत जोरात हसले.

२३ फेब्रुवारी

जिंकले. दिलेला एकही नाही.

डॉक्टर टेबलावर आलेच नाहीत. बूटसुद्धा न बदलता गाडीत बसले आणि गेले. वर्षभर हसत हसत हरायचे – आज खरे हरले.