रॉकेट : वाक्यात उपयोग

४ मार्च
या रविवारचा शब्द — रॉकेट! पूर्णविरामांनी टेबलावर चिठ्ठी आपटली. (आमचे संपादक. बोलणं तिथेच संपवतात, म्हणून हे नाव.) "युद्ध चालू आहे, लोकांना हाच शब्द हवा. आणि वाक्यं खरी हवीत. बनवलेली लगेच कळतात."
'पाळंमुळं' हे माझं सदर. शब्दाचा उगम, अर्थ, शेवटी वाचकांनी पाठवलेली तीन वाक्यं. वाचक हल्ली कसली पाठवतायत! पत्रपेटीत कोळ्याने घर केलंय.

५ मार्च
उगम सापडला. इटालियन शब्द — सूत गुंडाळायची छोटी रीळ. दारूकामाची नळी तशीच दिसायची, म्हणून तिलाही तेच नाव. आईला सांगितलं. शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "म्हणजे बायकांच्या हातातलं पळवलं म्हणायचं." खूप हसलो. मग दोघी आपापल्या कामाला लागलो. धाकटा भाऊ रॉकेटं डागणाऱ्या तुकडीत आहे ना.
बाकीचे अर्थ भराभर लिहिले. आकाशात फुटणारं, चंद्रावर जाणारं, शत्रूवर सोडायचं, हॉटेलच्या सॅलडमधली तिखट पानं. शाळेत धाकट्यालाही सगळे रॉकेट म्हणायचे, कारण तो सगळ्यांत शेवटी पोचायचा. हा अर्थ गाळला.

७ मार्च
दोन वाक्यं कशीबशी मिळाली. तिसरं मिळेना.
संध्याकाळी धाकट्याचं पत्र! रजेवर निघालेल्या कुणाच्या तरी हाती पाठवलेलं, त्यामुळे लष्कराच्या तपासणीतून सुटलेलं. "ताई, हे तुझ्यापुरतं ठेव. काच कारखान्याच्या मागे आहोत. रॉकेट सुटलं की धुराड्यावरची कबुतरं उडतात आणि दुसरं सुटायच्या आत परत येऊन बसतात."
काय वाक्य आहे! डोक्यातून जातच नाही.

८ मार्च
छापायला दिलं. खाली फक्त 'एक वाचक'. कुणाचं नाव नाही, गाव नाही. पूर्णविराम चक्क "झकास" म्हणाले! मी दिवसभर हवेत होते.

१० मार्च
छापून आलं. आईने दोनदा वाचलं.

१३ मार्च
काच कारखान्यावर हल्ला. धुराडं पडलं. अकरा जण गेले. नावं दिलेली नाहीत.
मी लिहिलं होतं, "काच कारखान्याच्या धुराड्यावरची कबुतरं." सगळ्या आघाडीवर काच कारखाना एकच आहे. ते दोन शब्द काढले असते तरी वाक्य उभं राहिलं असतं! पण धुराडं कसलं ते कळायला हवं, असं मलाच वाटलं. मलाच.

१४ मार्च
आई फोनजवळून हलत नाही.

१६ मार्च
धाकटा जिवंत आहे! पाणी आणायला गेला होता. आई रडली, मग उठून मशीनवर बसली. मी बाथरूममध्ये तोंडात टॉवेल कोंबून रडले. अकरा घरांत आमचं घर नाही, याचा मला आनंद झाला. नीच आहे मी.

१९ मार्च
लष्करी अधिकारी ऑफिसात आला. "हे वाक्य कुणी पाठवलं?" पत्रपेटीत आलं असेल, म्हटलं.
अधिकारी म्हणाला, "तुमचा भाऊ म्हणतो, त्यानेच पेपरला पोस्टकार्ड टाकलं. ताईला काही माहीत नव्हतं."
मग जरा हळू आवाजात — "घरच्या पत्रात ठिकाण लिहिलं असेल तर वर्ष-दोन वर्षांची कैद. पण छापायला पाठवलं म्हणजे फितुरी. गोळी घालतात. घरी पत्र-बित्र आलं असेल तर आणून द्या, बाई."

२० मार्च
पत्र पुढ्यात आहे. 'हे तुझ्यापुरतं ठेव.' एवढं दाखवलं की तो गोळीतून वाचतो. आणि अकरा माणसं माझ्या नावावर येतात.
आईला हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही. मी गेले तर तिचं कोण करणार? असं दिवसभर स्वतःला सांगतेय. खोटं आहे. मला माझ्याच जिवाची भीती वाटतेय.
उद्या जाते. नक्की.

२१ मार्च
पत्र जाळलं. आईने विचारलं, कसला वास येतोय? म्हटलं, दूध उतू गेलं.