चार किलो नऊशे

८ नोव्हेंबर, शनिवार

डावा खांदा गेला. म्हणजे हात डोक्याच्या वर जात नाही. आज तालमीत तिसऱ्या गाण्याला करंगळी बधिर झाली. ती तारेवर आहे की नाही हे बघायला मान खाली घालावी लागली. मी! बघून वाजवणाऱ्यांची आयुष्यभर टिंगल केली.

कुणाला कळलं नाही. सूर जुळवायच्या निमित्ताने गिटार काढली आणि स्टँडला लावली.

घरी आल्यावर तिचं वजन केलं. बाथरूममधल्या काट्यावर आधी मी एकटा, मग ती गळ्यात घालून. फरक चार किलो नऊशे ग्रॅम. अरुंधती दारात उभी होती. म्हणाली, "तुझं वाढलं की तिचं?"

वजन वाढलेलं नाही. अठ्ठ्याहत्तर सालची अमेरिकन गिटार, अॅशच्या लाकडाची. उरणच्या एका रिटायर्ड जहाजी इंजिनिअरकडून घेतली तेव्हाही एवढीच होती. तेव्हा मला हे वजन आवडायचं. कमी माझंच काहीतरी झालंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टर. मानेतून हाताकडे जाणारी शीर गिटारच्या पट्ट्याखाली दबते म्हणे. "बसून वाजवा, नाहीतर हलकं वाद्य घ्या." औषध सांगावं तितक्या सहज.

त्याला समजावून सांगितलं की जड लाकडात सूर टिकतो. तार छेडली की हलकं लाकूड स्वतःच थरथरतं, सूर खाऊन टाकतं. कुणाकडे न शिकता, फक्त कानाने मिळवलेलं ज्ञान आहे हे. त्याने ऐकून घेतलं आणि पुढच्या पेशंटची बेल वाजवली.

आणि बसून? आमच्या ग्रुपमध्ये नियम आहे — उभं राहून वाजवायचं. मीच केलेला. बसलेला वादक लोकांना थकलेला दिसतो. ड्रमवाला शैलेश दरवेळी म्हणतो, "मास्तर, मी पहिल्या दिवसापासून थकलोय." तेवढा एक जोक सोडला तर नियम कुणी मोडलेला नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज वाईट वागलो. लिहायलाच हवं.

तालीम नेहमीसारखी सुकापूरला, आमच्या बेसवाल्या कमळाकरच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर. आम्ही पोचलो तर त्याने बेस गिटारशेजारी एक उंच स्टूल मांडून ठेवलेलं. साठी उलटली त्याची. कंबर दोन वर्षं त्रास देतेय, सगळ्यांना माहीत आहे. सरळ म्हणाला, "मास्तर, मी आता बसून वाजवनार. उबा रायला का पायात मुंग्या येतान."

बेस त्याला मी शिकवला. शेती होती, मग जमिनीला भाव आला, मग बिल्डिंग झाली — पण बोटं तारेवर कशी ठेवायची हे माझ्याकडून. आणि माझी स्वतःची करंगळी त्या क्षणी झिणझिणत होती. नेमकं म्हणूनच बोललो असणार. सगळ्यांसमोर.

"शेठ, बसायचंच असेल तर भजनी मंडळात जा. सतरंजी पण मिळेल."

शैलेश हसला. गाणारी रुचिरा हसली नाही. कमळाकर पुढे झाला. स्टूल उचललं, आत नेऊन ठेवलं, परत आला आणि पट्टा गळ्यात घातला. "बरा. उबा रातो."

दोन तास उभा राहिला. माझ्या डाव्या हाताला, नेहमीच्या जागी.

१६ नोव्हेंबर, रविवार

त्याला फोन करावा असं सकाळपासून तीनदा वाटलं. केला नाही. काय सांगणार — मलाही बसायचंय?

चार जानेवारीला कार्यक्रम. ग्रुपला पंचवीस वर्षं. एवढा कार्यक्रम उभ्याने होऊ दे, मग बघू.

२३ नोव्हेंबर, रविवार

पार्सल आलं. बघ आता मी काय केलंय.

दिल्लीच्या एका माणसाकडून गिटारचा नुसता धडाचा भाग मागवला. आकार तोच, अगदी मिलिमीटरला. लाकूड पाउलोनियाचं — मुलांच्या खेळण्यासारखं हलकं. माझ्या गिटारची मान धडाला चार स्क्रूंनी बसवलेली आहे. मान काढली आणि नव्या धडाला लावली. पिकअप, बटणं, तारा, सगळं जुनंच. मागची नंबर कोरलेली पट्टीसुद्धा जुनी! कुणी उलटी करून बघितली तरी नंबर अठ्ठ्याहत्तरचाच.

रंग मात्र फार कोरा दिसत होता. लाखेत चहाचं पाणी मिसळून तीन हात दिले. पाठीवर माझ्या पट्ट्याच्या बकलाने घासून घासून जुने ओरखडे उमटवले — जिथे खऱ्या गिटारवर आहेत तिथेच, फोटो समोर ठेवून. काम इतकं चोख झालं की अर्धा तास मी खूश होतो.

मग अरुंधती चहा घेऊन आली. बकल हातात घेऊन जमिनीवर बसलेला नवरा तिने बघितला. "कुणाला फसवायचंय?" एवढंच विचारलं. सहज. मी म्हणालो, रिपेअर चाललंय.

खरं धड चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं. नवी जोडणी काट्यावर दोन किलो सातशे भरली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

गळ्यात काही नाही असं वाटलं. करंगळी जागी होती. पूर्ण दोन तास.

पण नाटक करावं लागलं त्याचं काय. बॅग गाडीतून काढताना जड असल्यासारखी काढायची. खांद्यावर घेताना किंचित वाकायचं. मध्ये विसरलो आणि एका हाताने स्टँडवरून उचलली — लगेच दुसरा हात लावला. ऑफिसात माझं काम काय, तर न्हावा शेव्याला जाणाऱ्या कंटेनरचं पार्टीने सांगितलेलं वजन आणि काट्यावरचं वजन ताडून बघायचं. फरक निघाला की मी फोनवर लोकांना झाडतो. कालच एकाला झाडलं.

रुचिरा म्हणाली, आज गिटार फार गोड वाजतेय. शैलेश म्हणाला, "वजन आहे ना राव त्या लाकडात." माझंच वाक्य. मी मान डोलावली!

कमळाकर उभा होता. दोन गाण्यांच्या मध्ये एक पाय वर करून भिंतीला टेकवत होता.

७ डिसेंबर, रविवार

जुन्या धडासकट वाजवलेलं एक गाणं फोनमध्ये होतं. तेच गाणं आज नव्यावर रेकॉर्ड केलं. अरुंधतीला म्हटलं, मी पाठ करून बसतो, तू उलटसुलट लाव, मी ओळखतो. एव्हाना तिला सगळं कळलेलं होतं. रागावली नाही. ते जास्त टोचलं.

पहिल्यांदा ज्याला जड म्हणालो ते हलकं निघालं. म्हटलं पुन्हा. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "जाऊ दे ना."

सत्तावीस वर्षं लोकांना सांगतोय. हलकी गिटार घेतलेल्या पोरांना स्टेजमागे हसलोय. डॉक्टरला शिकवून आलो. आणि हे कान!

उठून फिरायला गेलो. तलावाला दोन चकरा मारल्या. ओळखीचे दोघं भेटले, कार्यक्रमाला येतो म्हणाले.

१३ डिसेंबर, शनिवार

तालमीआधी ठरवून गेलो होतो — कमळाकरला बाजूला घ्यायचं, सांगायचं, स्टूल बाहेर काढ म्हणायचं. तो दारातच भेटला. मागे त्याची बायको भामा, हातात पोह्यांच्या डिश. ती म्हणाली, "मास्तर, तुमीच सांगा यांना. रातची झोप नाय. बसून वाजवला तर काय बिगरतंय?" तो तिच्यावर खेकसला. "तू आत जा. मास्तर उबा रातंय ना माज्याबरोबर? पाच किलो गल्यान् घालून?"

मला तिथेच बोलता आलं असतं. याच्यापेक्षा सरळ संधी मिळत नाही. मी पोह्यांची डिश घेतली.

२० डिसेंबर, शनिवार

आज तालीम संपल्यावर वायरी गुंडाळत होतो. बाकीचे निघून गेलेले. कमळाकर भिंतीला पाठ लावून उभा. म्हणाला, "मास्तर, गिटार जर नाय ना होत तुला?"

आवाजात टोमणा नव्हता. काळजी होती असं मला वाटलं.

मी म्हणालो, "चार किलो नऊशे. जड कसं नाही होणार? पण सवय आहे."

आकडासुद्धा सांगितला! वरच्या नऊशे ग्रॅमसकट!

तो भिंतीपासून बाजूला झाला. मग "बरा" म्हणाला आणि दिवे घालवले.

२६ डिसेंबर

निवेदनाचा कागद विश्वजीतला पाठवला. आमचा कीबोर्डवाला, निवेदनही तोच करतो. त्यात माझ्या गिटारवर चार ओळी आहेत. महिन्यापूर्वीच लिहून ठेवल्या होत्या. काढून टाकायला बसलो. कर्सर तिथे ठेवला. काढल्या तर विश्वजीत विचारेल का काढल्या. राहू दिल्या.

४ जानेवारी, रविवार

कार्यक्रम झाला. हॉल भरलेला. पनवेलचे झाडून सगळे जुने लोक, ऑफिसातले, सुकापूरहून दोन टेम्पो भरून माणसं.

मध्यंतरानंतर विश्वजीतने वाचलं — "पन्नाशी उलटली, तरी पाच किलोची ही गिटार खांद्यावर घेऊन अडीच तास उभे राहणारे आमचे मास्तर..." टाळ्या. काही लोक उठून उभे राहिले. मी वाकलो. वाकताना गिटार हलकीच पुढे झुलली, तिला हाताने धरून जड केलं. पहिल्या रांगेत अरुंधती. ती टाळ्या वाजवत नव्हती. मांडीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती.

मी डावीकडे बघितलं. कमळाकर टाळ्या वाजवत होता. बेस गळ्यात, घाम कपाळावरून खाली, ओठ पांढरे.

शेवटच्या गाण्यात बेस थांबला. एक ओळ, दोन ओळी. मला वाटलं वायर सुटली. वळून बघेपर्यंत तो स्पीकरला धरून खाली सरकत होता. पडला नाही — सरकला. बेस आपटू नये म्हणून छातीशी धरलेला. गाणं आम्ही पुरं केलं नाही.

शैलेशने आणि कमळाकरच्या पुतण्यांनी उचलून गाडीत घातलं. मीही उचलायला गेलो. तेव्हा लक्षात आलं की गिटार गळ्यातच आहे, मी काढलीच नव्हती. तिचा त्रासच नव्हता.

५ जानेवारी

मणका सरकलाय. उजव्या पायाला संवेदना नाही. ऑपरेशन.

९ जानेवारी, शुक्रवार

ऑपरेशन झालं. पाय हलतोय. चालेल म्हणाले, हळूहळू. बेस गळ्यात घालायचा नाही — कधीच. बसून? तेही आता नाही, इतका वेळ बसताच येणार नाही. सहा महिन्यांपूर्वी त्रास ओळखून बसला असता तर गोष्ट वेगळी होती, असं डॉक्टर भामाला म्हणाले. ते ती मला सांगत होती. रडत नव्हती, डबा पुसत होती.

सहा महिने नकोत. पंधरा नोव्हेंबरपासून बसला असता तरी कदाचित चाललं असतं. हे मी तिला म्हणालो नाही.

मला एकदा सांगायचंय त्याला. माफीसाठी नाही. पण नाही कशी? माफीसाठीच.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घेऊन गेलो. तो घरी आलाय. खोलीत बारा माणसं. त्याचे भाऊ, सुना, कुणाची तरी लहान मुलं पलंगावर चढतायत. सगळ्यांना माझी ओळख करून देत होता. "यो आमचा मास्तर. याने मना शिकवला." त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. गोड बोल, म्हणाला.

तसाच आलो.

संध्याकाळी माळ्यावरून जुनं धड काढलं. मान त्यावर परत बसवली, चारही स्क्रू पिळले. गळ्यात घातली. पाच मिनिटांत करंगळी गेली. तरी काढली नाही. अरुंधतीने येऊन पट्टा सोडवला, मूल काढून घ्यावं तशी गिटार काढून घेतली. "हे कशाला? त्याला आता काय उपयोग?"

१८ जानेवारी, रविवार

सांगितलं. भामा बाहेर होती, आम्ही दोघंच. धड, चहाचं पाणी, बकल, सगळं. पंख्याकडे बघत ऐकत होता. मग म्हणाला, "म्हाईत हाय. गाना संपला का तू खांदा झटकायचास. दिवालीनंतर एक दिवस झटकायचा बंद झालास. मी बाजूलाच उबा रातो ना."

मी विचारलं, मग बोलला का नाहीस?

"तू बोलशील म्हनून थांबलो. तू बोल्ला असतास तं मी बसलो असतो."