दहा मिनिटांपुढची प्रार्थना

४ मार्च

चि. धाकट्या,

प्रभूमध्ये सलाम, आणि तुझ्या बायकोला, आमच्या चौकशीबाईंना, एक गालगुच्चा. तुझं पत्र काल मिळालं. तिच्या गळ्यातली गाठ काढायचीच असं डॉक्टर म्हणाले, एकोणीस तारीखही दिली, हे वाचलं. गाठ आवाजाच्या नसेला चिकटली आहे हे मात्र तू एका ओळीत उरकलंस. अरे, बसडेपोच्या खिडकीमागे बसून दिवसभर गाड्यांच्या वेळा सांगणारी बाई ती. आवाजाला काही झालं तर तिने करायचं काय?

आता माझं ऐक. रोज दहा मिनिटं अन्यभाषेत, पवित्र आत्मा जिभेवर देतो त्या शब्दांत, प्रार्थना करतोस ना, ती तासभर कर. तिच्याजवळ बसून कर. मीसुद्धा आधी दहा मिनिटांचीच होते. या हॉटेलच्या धुलाईखान्यात लागल्यापासून चादरींचा ढीग संपेपर्यंत करते. वाफेच्या इस्त्रीच्या आवाजात कुणाला काही ऐकू जात नाही. पहिली वीस मिनिटं डोक्यात नुसता बाजार असतो: तिसऱ्या मजल्याचे अभ्रे कमी आले, मुकादम मला बघून का हसला. मग ते एकेक गळून पडतं. शब्दांचा अर्थ आपल्याला कळत नाही, त्यामुळे आपली अक्कलही मध्ये लुडबुडत नाही. जीभ चालत राहते आणि आत शांत शांत होत जातं. आई गेली त्या वर्षी मी त्यावरच उभी राहिले, नाहीतर कधीच आडवी झाले असते.

तू तासभर एका जागी टिकशील का याची शंकाच आहे. उपासनेत पुढच्या बाकाला लाथा मारून आजोबांची टोपी पाडणारा तूच ना? पण तिच्यासाठी टिक.

लोभ आहेच, खुशाली मात्र दर दोन दिवसांनी हवी.

तुझी,
ताई

९ मार्च

प्रिय ताई,

सलाम, वि. वि.

तू सांगितलंस तसं पहाटे उठून सुरू केलं. स्वयंपाकघरात, टेबलावर घड्याळ ठेवून. ही समोर बसते, डोळे मिटते आणि माझा हात स्वतःच्या गळ्यावर धरून ठेवते. बाराव्या मिनिटाला माझी गाडी अडली. पुन्हा पहिल्यापासून तेच म्हटलं. मग परत तेच. हिला वाटलं मला भरून आलं.

आता जे लिहितो ते वाचून पत्र फाडून टाक. मला अन्यभाषेचं दान मिळालेलंच नाही. कधीच नव्हतं. आईच्या खोलीतली ती प्रार्थनासभा आठवते? मी चौदा वर्षांचा. बाकी सगळ्यांना दान मिळून झालं होतं. पाळकांचा हात डोक्यावर, जमिनीवर टेकून गुडघे भाजून निघालेले, आणि दहा-बारा बायका माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. आई जे म्हणायची ते मला पाळण्यापासून पाठ. तेच चार ओळींचं म्हणून टाकलं. खोलीत नुसता जल्लोष झाला. आई मला मिठी मारून रडली. त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगणार होतो? सव्वीस वर्षं त्याच ओळी घोळवून दहा मिनिटं भरतो आहे.

आणि ही! हिच्या वडिलांनी चांगली चांगली स्थळं आणली, तर हिने सरळ सांगितलं की असा प्रार्थना करणारा मुलगा मिळणार असेल तर तो लिफ्ट दुरुस्त करतो की आणखी काय करतो, मला घेणंदेणं नाही. लग्न झाल्यापासून ती माझ्या या प्रार्थनेवर विसंबून झोपते, ताई.

लिफ्टचं असंच असतं. दहा मिनिटं चालवून बघा, झक्कास चालते. तासभर तापू दिली की बिघाड बोलायला लागतो. मला भीती वाटते. खोट्या प्रार्थनेचा हात रोज हिच्या आजारी गळ्यावर ठेवतो आहे, त्याने हिचं काही वाईट झालं तर? सांगू का हिला? लवकर लिही.

तुझ्या लोभाला मी पात्र नाही, तरी असू दे.

तुझा,
धाकटा

१२ मार्च

चि. धाकट्या,

सलाम. अरे गाढवा! पत्र हातात घेऊन मी कपड्यांच्या खोलीत चादरींवर मटकन बसले. तुझे शब्द आईसारखे आहेत हे मला ठाऊक होतं रे. देवाने आईची भाषा मुलाला दिली, अशी साक्ष मी भर मंडळीत उभं राहून दिली आहे. दोनदा! आता मी कुठे तोंड लपवू?

आणि चूक माझीही आहे. त्या दिवशी तुला पाठीत ढोसून पुढे कुणी बसवलं? मीच. मला आदल्या महिन्यात मिळालं होतं, भाऊ मागे राहिलेला बरा दिसत नव्हता. तुझे गुडघे दुखत होते, हेही मी पाहिलं होतं.

वाईट होईल ही भीती मात्र डोक्यातून काढ. देव काय तुझ्यावर सूड उगवायला टपून बसला आहे? तास मोडू नकोस. त्या चार ओळी संपल्या की परत पहिल्यापासून सुरू करू नकोस, गप्प बस. जे आपलं नाही ते संपेपर्यंत बसायचं, म्हणून तर लांब प्रार्थना करायची. पुढे काय येतं ते आपल्या हातात नाही.

पण तिला एकोणीसपर्यंत एक अक्षर सांगायचं नाही. शस्त्रक्रियेला जाणाऱ्या माणसाच्या पायाखालचा पाट काढून घेतात का? बरी झाली की मी येते, आपण दोघं मिळून सांगू. माझी शपथ आहे.

रागावले आहे, म्हणून लोभ कमी झाला असं समजू नकोस.

ताई

२० मार्च

प्रिय ताई,

सलाम. तुझी शपथ मोडली.

सतरा तारखेला चार ओळी संपल्या आणि तू म्हणालीस तसा गप्प बसलो. अठ्ठेचाळीस मिनिटं उरली होती. ती किती लांब असतात ते तुला काय सांगू! ही थुंकी गिळायची तेव्हा माझ्या हाताखाली ती गाठ वर-खाली होताना लागायची. पंचविसाव्या मिनिटाला मी सगळं बोलून टाकलं. धरून ठेवणं झेपलंच नाही.

हिने माझा हात बाजूला केला. एकच विचारलं, आणखी कुणाला माहीत आहे? मी म्हणालो, ताईला, गेल्या आठवड्यापासून. ती उठून बॅग भरायला गेली. पुढचे दोन दिवस डेपोच्या खिडकीतल्यासारखं बोलली, विचारलं तेवढंच आणि नेमकं. शस्त्रक्रियेच्या दारात अंगठी काढली ती नर्सच्या हातात दिली. मी शेजारीच उभा होतो.

चार तास दहा मिनिटं लागली. बाहेर पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी उभा होतो. आधी आपल्या साध्या भाषेत मागितलं: हिला वाचव, हिचा आवाज ठेव, मला काय करायचं ते कर. तेही संपलं. मग बराच वेळ काहीच नव्हतं. आणि मग काहीतरी निघायला लागलं. काय होतं ते मला सांगता येणार नाही. रडणं असेल, हुंदका असेल. आईचं नव्हतं एवढं नक्की. त्याला दान म्हणायची माझी छाती नाही, तूही कुठे साक्ष देऊ नकोस. फक्त शेवटच्या तासात मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

गाठ सगळी निघाली. आवाजाचं डॉक्टर आताच काही सांगत नाहीत. ही शुद्धीवर आली, मला पाहिलं आणि भिंतीकडे वळली. ताई, मी काय करू?

लोभ असू दे. सध्या तेवढाच आहे.

धाकटा

२ एप्रिल

प्रिय वन्सं,

सलाम. आवाज अजून फुटलेला नाही, म्हणून हे पत्र. एका परीने बरंच झालं, तोंडाने बोलले असते तर फार बोलले असते.

गाठीचा अहवाल आला. ती वाईटच होती, पण पसरलेली नाही. पुढे उपचार आहेत. आवाज परत येईल का, ते दोन-तीन महिन्यांनी कळेल. मी भित्री नाही, तरी रोज सकाळी उठून 'अ' म्हणून बघते आणि वारा तेवढा निघतो. तेव्हा फार भीती वाटते.

आता भांडण. चौदा वर्षांचं पोर घाबरून खोटं बोललं, हे मी समजू शकते. सव्वीस वर्षं निस्तरता आलं नाही, हेही एक वेळ समजेन. पण तुम्ही बहीणभावाने माझ्या ऑपरेशनची तारीख बघून ठरवलंत की मला खरं कधी पेलेल? प्रार्थना माझ्या गळ्यावर चालली होती, वन्सं. आधी मला सांगायला हवं होतं.

सहा दिवस मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही. रोज दवाखान्यात यायचे, दारात उभे राहायचे, जायचे. सातव्या दिवशी पाटीवर लिहिलं, राग गेलेला नाही, बसा, सुरू करा. ह्यांनी विचारलं, कुठल्या भाषेत? मी पुसून लिहिलं, पूर्ण तास.

तेव्हापासून रोज बसतात. सुरुवातीला बोलतात ते मला कळतं, ऐकून कधी हसू येतं, कधी रडू. मग शब्द संपतात. मग बराच वेळ गप्प. त्यानंतर कधी काही येतं, कधी नाही येत, आणि नाही आलं तरी उठून जात नाहीत. पूर्वी मी डोळे मिटून त्यांच्यावर सोडून द्यायचे. आता मीही ओठ हलवत बसते. मला आवाज नाही, ह्यांना शब्द नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांनी मिळून प्रार्थना करायला आम्ही आत्ता लागलो आहोत.

तुमच्यावरचा राग आणखी आठवडाभर पुरेल असं दिसतं. तो संपला की या. तोवर लोभ असावा.

तुमची,
भावजय