बरी म्हणा, मॅडम

१६ एप्रिल २०२५
आई आज पुन्हा डांबरावर नाचली! मखमलाबाद नाक्यावर भाजी उतरवताना पाय असे पोळले, की मेथीची जुडी खाली टाकून तिच्यावरच उभी राहिली. गिऱ्हाईक हसलं. मीही हसले. घरी येऊन रडले, ते तिला ठाऊक नाही.

आठ वर्षं अनवाणी! मला सातव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला, तेव्हा ही गडावरच्या देवीला नवस बोलली — ‘पोरगी बरी झाली, हे डाक्टरच्या तोंडून ऐकल्याबिगर पायात चप्पल घालणार नाय.’ आणि डॉक्टर मॅडम तो शब्द उच्चारतील तर शपथ! ‘रिपोर्ट छान.’ ‘उपचार संपून पाच वर्षं जाऊ देत.’ या महिन्यात ती पाच वर्षं होतात.

२० एप्रिल
कैऱ्या खाऊन दात आंबलेत. दहावी संपल्याची सुट्टी झकास चाललीय.

२२ एप्रिल
उद्या तपासणी. फाईलमध्ये चिठ्ठी ठेवली — ‘मॅडम, प्लीज बरी म्हणा. आईचे पाय बघा.’
मला भीती वाटत नाही. थोडी वाटते.

२३ एप्रिल
म्हणाल्या!! रिपोर्ट पाहिले, चिठ्ठी वाचली, मग आईकडे वळल्या. ‘ताई, आता आजार उलटायची शक्यता शंभरात एखाद्यालाच. वर्षातून एकदा दाखवून जा.’
‘म्हंजी बरी?’
‘बरी झाली. चिठ्ठी नसती तरी म्हणणारच होते.’

आई तिथेच फरशीवर बसली. अण्णांना फोन मीच केला. पलीकडून माझ्या बापाचं नुसतं ‘हां, हां’ — मग नाक ओढल्याचा आवाज. मेन रोडवर निळ्या चपला घेतल्या. आई त्या घालून बदकासारखी चालते! इतका आनंद माझ्यात मावतच नाहीये.

२५ एप्रिल
गडावर नवस फेडून आलो. येताना आईने चपला पिशवीत ठेवल्या. मळतील म्हणे!

२८ एप्रिल
आई पुन्हा अनवाणी! मी तडतडले.
‘त्या दिशी दवाखान्यात बाहेर बाकावर हरसूलची बाई होती ना. चार वर्साची पोर मांडीवर. तिलाबी तुझ्यासारखाच कॅन्सर, आदल्या दिशीच कळलं म्हणली. लय रडत होती गं. मग मी गडावर देवीला त्या पोरीसाठी नवस बोलले.’
भांडले तिच्याशी. मग पोरीचं नाव विचारलं.
राखी.
राखी, सगळी औषधं वेळेवर घे आणि बरी हो गं बाई. माझ्या आईच्या पायांना भेगा पडल्यात.